होंडा सिटी, ०डब्ल्यू-२० ऑईल आणि आर्वीचे ऊन : चार वर्षांच्या नोंदी

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि वकिली करतो. आठवड्यातले तीन-चार दिवस खरांगणा-आंजीच्या रस्त्याने वर्ध्याला जिल्हा न्यायालयात जावे लागते, महिन्यातून तीन-चार वेळा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काम असते आणि उरलेल्या दिवसांत घर ते आर्वीचे न्यायालय अशी चार किलोमीटरची ये-जा होते. ऑगस्ट २०२१ मध्ये मी पाचव्या पिढीची होंडा सिटी, १.५ लिटर पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल गाडी घेतली. आज तिच्या मीटरवर ७२,००० किलोमीटर आहेत आणि पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक पेट्रोलभरणीची नोंद माझ्या वहीत आहे. गाडी कशी दिसते आणि पडदा किती इंचांचा आहे याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते दोनच गोष्टींविषयी : ती ॲव्हरेज किती देते, आणि आपल्या विदर्भाच्या उन्हात तिच्या इंजिनात कोणते ऑईल घालावे. आमच्या भागात या दुसऱ्या प्रश्नावर जेवढा ठाम सल्ला मिळतो तेवढा जमिनीच्या वादावरही मिळत नाही, आणि त्यातला बराचसा सल्ला चुकीचा आहे, असे मोजून पाहिल्यानंतर माझे मत झाले आहे.

प्रथम इंजिनाविषयी. १९९८ साली सिटी भारतात आली तेव्हापासून तिची ओळख आहे ती वर चढत जाणाऱ्या इंजिनाची, आणि या पिढीतही ती ओळख टिकून आहे. १२१ पीएसची पूर्ण ताकद ६,६०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या तेवढ्या फेऱ्या होतात तेव्हा) मिळते आणि १४५ न्यूटन-मीटरचा सर्वाधिक टॉर्क ४,३०० आरपीएमला मिळतो. या इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, नाही, त्यामुळे खालच्या फेऱ्यांत ते शांत असते. कापसाने भरलेल्या ट्रकला मागे टाकायचे असेल तर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून वाट पाहण्यात अर्थ नसतो, सरळ तिसरा टाकावा लागतो. मात्र तिसऱ्यात चार हजारांच्या पुढे गेल्यावर हे इंजिन ज्या सफाईने आणि ज्या आवाजात ओढते, त्यासाठीच मी ही गाडी घेतली आणि त्याचा मला एकदाही पस्तावा झालेला नाही. टर्बो गाडीचा एकदम बसणारा धक्का इथे नाही, पण पायाने जेवढे मागितले तेवढेच, त्याच क्षणी मिळते. स्पोर्टी या शब्दाचा माझ्या लेखी अर्थ तोच आहे.

कंपनीने जाहीर केलेला मॅन्युअल गाडीचा अधिकृत आकडा लिटरला १७.८ किलोमीटर आहे. हा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवून-कमी करून काढलेला असतो. त्या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. त्यामुळे त्या आकड्याला खोटे म्हणणे अन्यायाचे ठरेल आणि तो आपल्या रस्त्यावर जसाच्या तसा मिळावा अशी अपेक्षा धरणेही तितकेच चुकीचे ठरेल. दोन गाड्यांची तुलना एकाच मापाने व्हावी, एवढेच त्याचे काम आहे.

माझ्या आर्वी-वर्धा रस्त्यावर, म्हणजे पन्नासेक किलोमीटरच्या एकेरी अंतरावर, मधली गावे, गतिरोधक, बैलबंड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या धरून, ताशी ६० ते ८० च्या वेगात आणि बहुतेक वेळ एसी चालू ठेवून, पहिल्या दोन वर्षांत मला लिटरला १७.२ किलोमीटर मिळाले. अधिकृत आकड्याच्या इतक्या जवळ जाणारी पेट्रोल गाडी मी पूर्वी वापरलेली नव्हती. गावातल्या गावात चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या की हाच आकडा १२ च्या आसपास येतो आणि त्याचे कारण रहदारी नसून थंड इंजिन आहे : पहिले काही किलोमीटर इंजिन गरम होण्यातच जातात, तेवढ्या काळात ते जास्त पेट्रोल घेते आणि ऑईलही दाट असते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता मोजण्याच्या पद्धतीविषयी सविस्तर लिहितो, कारण ऑईलच्या सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे. आपल्याकडे लोक एक टाकी फुल करतात, संपत आली की पुन्हा फुल करतात, भागाकार करतात आणि “ऑईल बदलले आणि एक किलोमीटर वाढला” असे सांगतात. गाडीच्या टाकीत ४० लिटर मावतात आणि मी साधारण ३२ लिटर भरतो. पंपाची नळी आपोआप बंद होण्याची वेळ प्रत्येक पंपावर वेगळी असते, गाडी किंचित उतारावर उभी असली तरी फरक पडतो, आणि भरणाऱ्या मुलाने “आणखी थोडे बसते साहेब” म्हणत राऊंड फिगर केली तर अर्धा लिटर सहज इकडचा तिकडे होतो. ३२ लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे दीड टक्क्याहून जास्त. दोन टाक्यांची तुलना केली तर ही चूक दोन्हीकडे असते आणि उलट-सुलट दिशेने असली तर तीन टक्क्यांच्या पुढे जाते. ऑईलच्या ग्रेडने, म्हणजे दाटपणाच्या वर्गाने, पडणारा फरकही साधारण तेवढाच असतो. म्हणजे ज्या तराजूत पावशेराची चूक आहे त्यात आपण पावशेराचा माल तोलायला बसतो.

यावर उपाय अवघड नाही. सलग पाच-सहा टाक्यांचे एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घ्यावेत. मधल्या भरण्यांत कमी-जास्त झालेले पुढच्या भरणीत भरून निघते आणि चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरणीची. पावणेदोनशे लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे पाव टक्का. पंप एकच ठेवावा, शक्यतो त्याच नळीवर, आणि पहिल्यांदा नळी बंद झाली की तिथेच थांबावे. डॅशबोर्डवरचे ॲव्हरेज, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो, बहुधा थोडे उदार असते. ते चालवण्याची सवय सुधारायला उपयोगी आहे, पुरावा म्हणून नाही.

या वहीमुळेच मला माझ्या इंजिनात चुकीचे ऑईल पडल्याचे कळले. जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मी एका ओळखीच्या खाजगी वर्कशॉपमध्ये ऑईल बदलून घेतले. मी गाडीच्या पुस्तिकेत दिलेले पातळ ०डब्ल्यू-२० सांगितले होते आणि तातडीच्या कामामुळे तिथे उभा राहिलो नाही, हा माझा दोष. बिलावर फक्त “इंजिन ऑईल, साडेतीन लिटर” असे लिहिलेले होते. दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाडी सुरू केल्यावर वरच्या बाजूने येणारी बारीक टिकटिक नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकू येऊ लागली. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन वर जायला किंचित आढेवेढे घेत आहे असेही वाटत होते, पण वाटण्यावर माझा विश्वास नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाच टाक्या झाल्या. नागपूरला जाण्यापूर्वी आणि तिथून आल्यावर टाकी भरून त्या फेऱ्या मी वेगळ्या ठेवल्या होत्या. आर्वी-वर्धा रस्त्याचे २,९०० किलोमीटर आणि १७५ लिटर पेट्रोल, म्हणजे १६.६. आदल्या वर्षी त्याच महिन्यांत, त्याच रस्त्यावर, ३,१०० किलोमीटरला १८० लिटर लागले होते, म्हणजे १७.२. टायरची हवा तीच, एसीची सवय तीच, वर्ष दुसरे आणि पावसाळा थोडा वेगळा. पण साडेतीन टक्क्यांची घट निव्वळ हवामानाने होईल असे मला पटेना.

त्या वर्कशॉपच्या मिस्त्रींना जाऊन विचारले तेव्हा त्यांनी अजिबात न लपवता सांगितले, “वकील साहेब, आपल्या इकडच्या उन्हात ते पाण्यावानी ऑईल टिकत नाही जी. म्या वीस-पन्नास टाकून देलं, इंजिन थंड राहाते.” माणूस प्रामाणिक आहे आणि हाताने कुशल आहे. त्यांनी स्वस्त ऑईल घालून महागाचे पैसे घेतले असेही झाले नव्हते. बिलात ग्रेड नसली तरी पैसे २०डब्ल्यू-५० चेच लावले होते, मी ती रक्कम नीट पाहिली नव्हती. त्यांना मनापासून वाटत होते की त्यांनी माझ्या गाडीवर उपकार केले. म्हणून हा समज येतो कुठून आणि तो चुकतो कुठे हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

येतो तो अनुभवातूनच. आमच्या आजोबांच्या काळी बंडीच्या कण्याला ओंगण घातले जाई आणि ते जितके चिकट तितके चांगले, कारण तिथे ते जागेवर टिकून राहणे एवढीच अपेक्षा होती. पुढे ट्रॅक्टर आला, डिझेल जीप आली, ॲम्बेसेडर आली. त्या इंजिनांतल्या फटी मोठ्या होत्या, ऑईल पंप साधे होते, ऑईल खनिज तेलापासून बनलेले आणि उष्णतेने लवकर पातळ होणारे होते. त्यांच्यासाठी २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हाच योग्य उपाय होता. ज्या मिस्त्रीने तीस वर्षे अशी इंजिने उघडली त्याच्या बोटांना ऑईलचा दाटपणा म्हणजेच ऑईलची प्रत असे शिकवले गेले, आणि तो अनुभव त्या इंजिनांपुरता खरा होता.

आता ०डब्ल्यू-२० या अक्षरांचा अर्थ पाहू. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा आहे : ० ची चाचणी उणे ३५ अंशांवर आणि २० ची उणे १५ अंशांवर होते. विदर्भात तसली थंडी कधी पडत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला तीच मोठी बातमी होती. म्हणून लोक म्हणतात की पहिल्या आकड्याशी आपल्याला कर्तव्य नाही. परंतु इंजिनाच्या दृष्टीने आपली ३० अंशांची सकाळसुद्धा थंडच असते. ४० अंशांवर २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-२० च्या साधारण तिप्पट-चौपट दाट असते, आणि सकाळी इंजिन सुरू केल्यावर ते झडपा उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला जास्त वेळ घेते. मला ऐकू आलेली टिकटिक ही त्याच उशिराची होती, असे मी मानतो. इंजिनाची झीज मोठ्या प्रमाणात सुरू होण्याच्या त्या पहिल्या क्षणांतच होते, त्यामुळे दाट ऑईलने झीज वाचते हे म्हणणे नेमके तिथे उलटते.

दुसरा आकडा १०० अंश तापमानावरचा आहे. २० ग्रेडची श्यानता, म्हणजे मोजलेला दाटपणा, त्या तापमानाला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावी लागते, ३० ची ९.३ ते १२.५, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९. इथे “बाहेर ४६ अंश आहेत म्हणून” हा युक्तिवाद तपासावा लागतो. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आहेत आणि आमच्या वर्ध्याचा मे महिनाही त्याला फार मागे नसतो. पण इंजिनातले पाणी थर्मोस्टॅट आणि रेडिएटरच्या पंख्यामुळे एका ठरावीक तापमानाच्या आसपास राखले जाते, मग बाहेर १५ अंश असोत की ४५. चालत्या इंजिनातले ऑईल जानेवारीतही साधारण ९०-१०० अंशांवर असते आणि मे महिन्यात त्याहून फार तर काही अंश वर जाते. म्हणजे ज्या उन्हाला आपण भितो ते ऑईलसाठी नवे नाही. ०डब्ल्यू-२० ची परीक्षाच मुळी आपल्या कोणत्याही उन्हाळ्यापेक्षा दुप्पट तापमानावर झालेली असते. शिवाय १५० अंशांवर, जोराच्या घर्षणाखाली ऑईलचा थर किती टिकतो याचीही वेगळी चाचणी असते आणि २० ग्रेडला त्यात किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद हा आकडा गाठावाच लागतो. या इंजिनाची बेअरिंगे त्या थराच्या हिशेबाने बनवलेली आहेत.

दाट ऑईलने इंजिन थंड राहते हा समज तर पूर्ण उलटा आहे. ऑईल वाहते म्हणून उष्णता नेते. दाट ऑईल हळू वाहते आणि स्वतः घुसळले जाताना जास्त तापते. ती घुसळण करायला लागणारी शक्ती पेट्रोलमधूनच येते, आणि माझ्या वहीतला साडेतीन टक्क्यांचा फरक तिथे गेला होता. या इंजिनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. व्हीटेकच्या, म्हणजे झडपांची उघडझाप गरजेप्रमाणे बदलणाऱ्या होंडाच्या, यंत्रणा ऑईलच्या दाबावर चालतात. कॅमशाफ्टची वेळ पुढे-मागे करणारा भाग ऑईल आत-बाहेर करूनच हलतो. ज्या दाटपणाचे ऑईल धरून ते बारीक मार्ग आखलेले आहेत त्याच्या दुपटीहून दाट ऑईल तिथे घातले तर प्रतिसाद मंदावणारच. ऑईल ही इथे निव्वळ वंगणाची वस्तू नाही, इंजिनाचा तो एक चालता भाग आहे.

त्याच दिवशी मी २०डब्ल्यू-५० काढायला लावले, फिल्टर बदलला आणि कंपनीचे ०डब्ल्यू-२० समोर उभे राहून भरून घेतले. ऑक्टोबरअखेरपर्यंतच्या टाक्यांचे ॲव्हरेज १७.१ आले. टिकटिक पूर्ववत झाली. एका गाडीचा, एका रस्त्याचा हा अनुभव आहे आणि त्याला तेवढेच वजन द्यावे. पण आकडा गेला आणि परतही आला, ही गोष्ट मला पुरेशी वाटते.

पैशांचा हिशेबही सांगतो. माझे वर्षाचे चालणे १८,००० किलोमीटर आहे. १७.२ ने १,०४७ लिटर लागतात आणि १६.६ ने १,०८४ लिटर. म्हणजे ३७ लिटरचा फरक, शंभरच्या वर असलेल्या आजच्या दरात चार हजार रुपयांच्या आतबाहेर. पूर्ण सिंथेटिक ०डब्ल्यू-२० हे साध्या खनिज ऑईलपेक्षा एका वेळी हजार-दीड हजाराने महाग पडते. मी वर्षातून दोनदा बदलतो, तरीही महागाचे ऑईल स्वतःची किंमत भरून काढते आणि वर थोडे उरते. “सिंथेटिक परवडत नाही” असे म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा आपल्या आकड्यांनी करून पाहावा.

तरीही ऑईलला त्याच्या जागेपेक्षा मोठे करू नये, कारण ॲव्हरेजचा खरा मोठा भाग दुसरीकडे जातो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि आम्हाला विरूळहून चढून तासाभरात नागपूरजवळच्या शिवमडक्याला उतरता येऊ लागले. पूर्वी तळेगावच्या घाटातून कारंजा-कोंढाळीच्या जुन्या महामार्गाने जात होतो. समृद्धीवर गाडीला १२० ची परवानगी आहे आणि सिटी तिथे अगदी स्थिर चालते. मी पहिल्या आठ फेऱ्या ११५ च्या वेगाने केल्या : ॲव्हरेज १५.६. नंतरच्या आठ फेऱ्या हेतुपुरस्सर ९० ने केल्या, डावी लेन धरून : १८.९. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ९० वरून ११५ वर गेलो तर तो दीडपटीहून अधिक होतो, आणि त्या वेगात इंजिनाचा बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो. येऊन-जाऊन २०० किलोमीटरच्या एका फेरीत सव्वादोन लिटर जास्त लागतात. वर्षाच्या चाळीस फेऱ्यांत ९० लिटर. ऑईलच्या चुकीने गेले असते त्याच्या जवळजवळ अडीचपट. जे पंचवीस किलोमीटरचा वेग सोडायला तयार नाहीत आणि ॲव्हरेजसाठी ऑईलच्या डब्यांवरची अक्षरे वाचत बसतात, त्यांनी क्रम चुकवला आहे. वेळेचा फरक एका बाजूला पंधरा मिनिटांच्या आसपास पडतो. सुनावणी पहिल्या क्रमांकावर असेल तेव्हा मीही तो मोजतो आणि पेट्रोलचे पैसे मोजून देतो.

इथेनॉलविषयीही लिहिणे भाग आहे. २०२२ मध्ये पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल होते, २०२५ पर्यंत ते २० टक्के झाले. लिटरामागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे १० वरून २० टक्क्यांवर जाताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी होते. माझ्या वहीत २०२५ चा आर्वी-वर्धा रस्त्याचा आकडा १६.५ आहे, म्हणजे १७.२ वरून चार टक्के खाली. गाडी जुनी झाल्यामुळे थोडे गेले असेल, पण हिशेब बहुतांशी जुळतो. गेल्या वर्षभरात ज्यांच्या गाडीने ॲव्हरेज कमी केले आणि ज्यांना त्यावर “ऑईल जाड टाका” असा सल्ला मिळाला, त्यांनी हे लक्षात घ्यावे. पेट्रोलातली घट आपल्या हातात नाही. तिच्यावर ऑईलची दुसरी घट चढवून घेणे मात्र टाळता येते.

टायरच्या हवेबाबत एवढेच सांगतो की ती सकाळी, गाडी न चालवता, दरवाज्याच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे भरावी. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टायरची हवा तपासून ती “जास्त झाली” म्हणून काढून टाकणे ही आमच्याकडची सर्रास चूक आहे. रात्री टायर थंड झाला की ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायर समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर ॲव्हरेजपेक्षा कितीतरी मोठे नुकसान करू शकतो.

ऑईल किती किलोमीटरला बदलावे? कंपनीचा नियम १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते. मी ९,००० च्या आसपास, म्हणजे सहा महिन्यांनी बदलतो आणि त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे ती चार किलोमीटरची ये-जा. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद झाले तर न जळलेले थोडे पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑईलमध्ये उतरते आणि लांबच्या प्रवासात तापून बाहेर पडण्याची वाट पाहत राहते. माझी गाडी वर्ध्याला जाते म्हणून ते निघून जाते; ज्यांची गाडी फक्त गावात फिरते त्यांनी किलोमीटर न पाहता महिने पाहावेत. दुसरे कारण धूळ. कापूस-तुरीच्या हंगामात पक्षकारांच्या शेताची मोजणी असली की पांदण रस्त्याने जावे लागते आणि काळ्या मातीचा तो बारीक फुफाटा एअर फिल्टरपर्यंत पोचतो. अडकलेल्या फिल्टरने आजच्या इंजिनाचे ॲव्हरेज फारसे उतरत नाही, कारण हवा कमी आली तर इंजिन पेट्रोलही कमी घेते. पण ताकद जाते, आणि निकृष्ट फिल्टरमधून गाळून आलेली धूळ ऑईलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखे काम करते. त्यामुळे फिल्टर अस्सल घ्यावा आणि तो झटकून पुन्हा बसवू नये. पांदणीविषयी एक ओघाने येणारी गोष्ट : या गाडीचा तळ जमिनीपासून १६५ मिलिमीटरवर आहे आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीत मधला उंचवटा त्याला लागू शकतो. ऑईलचे चेंबर पुढे खालीच आहे. मी आता गाडी बांधावर ठेवून चालत जातो.

डबा विकत घेताना “सिंथेटिक” या मोठ्या शब्दापेक्षा मागची बारीक अक्षरे महत्त्वाची असतात. ग्रेड पुस्तिकेत आहे तीच हवी आणि एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) प्रत एसपी असावी. ही प्रत २०२० पासून बाजारात आहे. तालुक्याच्या ठिकाणी नावाजलेल्या कंपन्यांच्या डब्यांत भलतेच ऑईल भरून विकले जाण्याची भीती खरी आहे. सील तुटलेले नाही ना, झाकणाखालची चकती अखंड आहे ना, डब्यावरचा बॅच क्रमांक आणि तारीख पुसलेली नाही ना, एवढे पाहावे आणि पक्के बिल मागावे. बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. रिकामा डबा वर्कशॉपमध्येच सोडायचा असेल तर त्याला भोक पाडूनच सोडावा. ऑईलमध्ये वरून घालायच्या औषधांच्या बाटल्या आणि इंजिन फ्लश यांच्यावर मी एक रुपयाही खर्च केलेला नाही आणि ७२,००० किलोमीटरनंतरही इंजिन दोन बदलांच्या दरम्यान वरून ऑईल मागत नाही. महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबल्यावर मी डिपस्टिक पाहतो. पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाणेही वाईटच, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

चालवण्याच्या सवयीबाबत या गाडीने मला शिकवलेली गोष्ट अशी की स्पोर्टी इंजिन आणि चांगले ॲव्हरेज यांत वैर नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून खालच्या गिअरमध्ये रेंगाळत राहणे सगळ्यात खर्चिक असते, कारण अर्धवट बंद असलेल्या झडपेतून हवा ओढण्यातच शक्ती वाया जाते. त्यापेक्षा नेटाने वेग घ्यावा, लगेच वरचा गिअर टाकावा आणि तिथे स्थिर राहावे. दिवसातून दोन-चार वेळा तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजारांपर्यंत नेले तर माझ्या टाकीच्या हिशेबात ते दिसतही नाही. न्यायालयाच्या आवारात पक्षकाराची वाट पाहत एसी लावून बसलो तर दिसते, कारण उभ्या गाडीत एसीसह तासाला लिटरभर पेट्रोल जाते.

ज्यांना उतारूंनी भरलेली गाडी खालच्या फेऱ्यांतून ओढायची आहे त्यांनी टर्बो पेट्रोल पाहावी आणि ज्यांचे वर्षाचे चालणे ३०,००० च्या पुढे आहे त्यांनी आपला हिशेब वेगळा मांडावा. ज्याला रोज शंभर किलोमीटर जायचे आहे, मधूनमधून इंजिन मनासारखे वर न्यायचे आहे आणि महिनाअखेर पेट्रोलचे बिल पाहून दचकायचे नाही, त्याला मी ही गाडी निःशंकपणे सुचवतो. मिस्त्रींकडे मी आजही जातो. त्यांनी सिटीसाठी ०डब्ल्यू-२० चे दोन डबे कपाटात ठेवायला सुरुवात केली आहे आणि आता मी न सांगताही ते बिलावर ग्रेड लिहितात. त्यांचे मत मात्र बदललेले नाही, आणि परवा त्यांनी माझ्या वहीतली पाने मोबाईलवर फोटो काढून ठेवली.